पणजोबा नेमके कोणत्या बोटीत होते?

आमच्या घरात सगळे एकच सांगत आले: पणजोबा 'रामदास' बोटीत गेले. कोकणातल्या कितीतरी घरांत हे ऐकायला मिळतं आणि बहुतेक ठिकाणी ते खरंही असतं. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारीच्या तोंडावर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

पण आमचं गाव दापोली तालुक्यातलं. पावसाळ्यात तिथल्या हर्णै बंदराकडे बोटी बंदच असायच्या. मग आषाढात रेवसच्या बोटीत हा माणूस चढला कशाला? शिवाय घरात त्यांचं श्राद्ध व्हायचं ते त्रिपुरी पौर्णिमेनंतर, कार्तिक वद्यात. वर्षानुवर्षं भटजी आले, पानं वाढली, पण तिथीचा आणि गोष्टीचा मेळ काही कुणी घातला नाही. घरातली श्राद्धाची तिथी सगळ्यांत आधी विचारून घ्यावी, असं मी आता भेटेल त्याला सांगतो. साल विसरतं, तिथी सहसा विसरत नाही.

तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर, पाहायला अर्ज दिला. नोंदी मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही, त्यामुळे वाचून देणारा मिळेपर्यंतच बराच काळ गेला. आणि त्यात पणजोबा नाहीतच! समुद्रात गेलेल्या, प्रेत हाती न लागलेल्या माणसाची वर्दी गावच्या कोतवालाला देणार कोण?

माग लागला तो फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींत. जमिनीचा तुकडा एवढासा, पण कागद खरं बोलतो. १९२८ सालची वारसाची नोंद: खातेदार मयत, वारस मुलगा, आणि पुढे 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ता आई, म्हणजे वारस अल्पवयीन आणि पालक आई. तिच्यापुढे पणजीचं नाव होतं. आम्ही सगळे तिला 'मोठी आई' एवढंच म्हणत आलो. आत्यालासुद्धा खरं नाव ठाऊक नव्हतं. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. त्यात आजोबांच्या नावापुढे पालक म्हणून चुलता. म्हणजे १९४७ चा प्रश्नच मिटला.

१९२८ च्या आधीचा कार्तिक म्हणजे १९२७ चा नोव्हेंबर. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' अशा दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. जुनं पंचांग उघडलं, तर तारीख त्रिपुरी पौर्णिमेनंतर लगेचचीच.

पुढचं काम वर्तमानपत्रांचं. ग्रंथालयात त्या महिन्याचे अंक मागवले. जुना कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कडेचा भुगा टेबलावर पडायचा. ग्रंथपाल बाईंनी फोटोला परवानगी दिली, झेरॉक्सला साफ नकार. बरोबरच होतं त्यांचं. बातमी मिळाली, पणजोबांचं नाव मात्र कुठेच नाही. डेकवरच्या उतारूंची नावनिशी कोण लिहून ठेवणार? ते 'जयंती'त होते की 'तुकाराम'मध्ये, हे कागदावरून ठरत नाही.

माझा कल 'तुकाराम'कडे आहे. वीस वर्षांनी 'रामदास'चा एवढा मोठा आकांत झाला की आधीच्या लहान बोटी लोकांच्या बोलण्यातून गेल्याच. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, दोघे संतच ना! जिभेवर एकाच्या जागी दुसरा यायला कितीसा वेळ लागतो?" पुरावा म्हणून हे कुठल्याही कचेरीत चालणार नाही, पण मला पटलं.

आता पणजीचं माहेर शोधतोय. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात. घरातलं कुणी गोदावरीवर जाऊन आलं असेल, तर त्याच्या सहीखाली बायकामुलांची नावंही मिळायची शक्यता असते. फक्त तिचं माहेरचं आडनाव आधी हाती लागायला हवं, त्यासाठी सध्या हर्णै परिसरातल्या दूरच्या नातेवाइकांना फोन चालू आहेत.