कापडी पट्ट्याचे पैसे

आपल्याकडे कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, “टॉप मॉडेल ना?” ‘हो’ म्हणणाऱ्याचा आवाज खणखणीत असतो. ‘मिडल’वाला लगेच खुलासा जोडतो, “सनरूफ नकोच होतं आपल्याला, धूळ येते नुसती.” बेस मॉडेल घेणारा तर कुणी विचारायच्या आधीच सांगून मोकळा होतो, “म्युझिक सिस्टीम बाहेरून बसवली, निम्म्यात.” या सगळ्या संवादामागचा हिशेब सरळ आहे. पैसे वाढले की गाडीत काहीतरी वाढतं. एअरबॅग वाढतात, कॅमेरे वाढतात, स्क्रीन दोन बोटं मोठा होतो.

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत हा हिशेब अर्ध्या जिन्यापर्यंत नीट चालतो आणि मग उलटा फिरतो.

९११ घ्यायची माझी ऐपत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी पार्टी मागायला नको. पण कंपनीच्या वेबसाइटवरच्या कॉन्फिग्युरेटरवर, म्हणजे एकेक पर्याय निवडत किंमत बघायच्या पानावर, गाडी ‘बांधायला’ छदाम लागत नाही. रात्री जेवणं आटोपली की लोक मालिका बघतात, मी श्टुटगार्टच्या त्सुफनहाउझन कारखान्यातून निघणारी गाडी आमच्या दोन खोल्यांत बसून सजवतो. रंग निवडायचा, चाकं निवडायची, सीटवरच्या शिलाईच्या दोऱ्याचा रंगसुद्धा निवडायचा. कोपऱ्यात बिलाचा आकडा वाढत जातो. गंमत अशी की गाडी खोटी, बिल खोटं, तरी आकडा वाढला की माझ्या पोटात खड्डा पडतो तो मात्र अस्सल असतो. एसीच्या जाळीच्या पट्ट्यांना चामडं लावून देतात असं पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी तो पर्याय निवडला, किंमत बघितली आणि कुणी बघत नसताना काढून टाकला.

आधी मॉडेल ठरवायचं. सगळ्यात खालच्या पायरीवर नुसती कॅरेरा. ‘नुसती’ म्हणायचं, पण इंजिन तीन लिटरचं, सहा सिलिंडर, दोन टर्बो (म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे पंखे), ताकद ३९४ पीएस, म्हणजे जर्मन मापातले घोडे. शून्यापासून शंभरचा वेग ४.१ सेकंदांत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला मोटारींची वेगमर्यादा ताशी शंभरच आहे, म्हणजे तळेगावच्या टोलनाक्यातून बाहेर पडलात की चार आकडे मोजेपर्यंत गाडी कायद्याच्या काठावर. त्याच्या वरची कॅरेरा एस, ४८० पीएस. तीही तिथेच पोचणार, अर्धा-पाऊण सेकंद आधी. तेवढ्या अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी जी रक्कम मोजायची, तेवढ्यात आपल्याकडे एक बरी गाडी येते, टॉप मॉडेल. त्याच्या वर जीटीएस, तिला २०२४पासून बॅटरीची जोड मिळाली आणि ताकद गेली ५४१ पीएसवर. त्याच्याही वर टर्बो एस. टर्बो एस म्हणजे ७११ पीएस, हा आकडा वाचूनच सीटबेल्ट लावावासा वाटतो. (२०१५ सालापासून कॅरेरालाही टर्बो इंजिनंच आहेत, तरी टर्बो म्हणतात ते मॉडेल वेगळंच. आमच्या पुण्यात पेठांमधून भुसार आणि भाजी कधीच हलली, नावं राहिली, तसल्या शहरातल्या माणसानं याबद्दल बोलू नये.)

इथवर जिना सरळ आहे. एखाद्या काकांना समजावून सांगता येईल असा. आणि काका म्हणतील, “म्हणजे टर्बो एस टॉप मॉडेल.” ९११चे भक्त यावर मान हलवतात. त्यांच्या मते टॉप मॉडेल जीटी३. ताकद ५१० पीएस, म्हणजे जीटीएसपेक्षाही कमी. टर्बो नाहीच, चार लिटरचं इंजिन आपल्या दमावर मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळत जातं. जिन्याला इथे दोन फाटे फुटतात. एका फाट्यानं गेलात तर गाडी जास्त जास्त देत जाते. दुसऱ्या फाट्यानं गेलात तर एकेक गोष्ट काढून घेत जाते आणि पैसेही वाढवून मागते. उपवासाची थाळी नेहमीच्या थाळीपेक्षा महाग असते, तसलाच हा प्रकार.

या उपवासाची सुरुवात १९७२ सालची आहे. पोर्शेला शर्यतीत उतरवायची होती ९११, आणि नियम असा होता की त्या जातीच्या किमान ५०० गाड्या रस्त्यावर विकलेल्या असल्या पाहिजेत. म्हणून कॅरेरा आरएस २.७ काढली. २१० पीएस, मागं बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला स्पॉयलर. ५०० तरी खपतील का, अशी विक्री खात्याला धाकधूक होती. शेवटी १,५८० बनल्या. मूळ किंमत ३४,००० मार्क. त्यावर दोन पर्याय. २,५०० मार्क जास्त दिले तर ‘टूरिंग’, म्हणजे नेहमीच्या गाडीसारखी सजवलेली. ७०० मार्क दिले तर ‘स्पोर्ट’. स्पोर्टमध्ये काय मिळायचं? मागची सीटं मिळायची नाहीत. घड्याळ मिळायचं नाही. काचा पातळ. बॉनेटवरच्या धातूच्या बिल्ल्याऐवजी स्टिकर. दार ओढून घ्यायला हँडलऐवजी एक साधा पट्टा. टूरिंगचं वजन १,०७५ किलो, स्पोर्टचं ९६०. एकशेपंधरा किलो कमी, म्हणजे दोन पाहुणे उतरवून दिल्यासारखं, तेही खाऊन-पिऊन सुखी असलेले.

वेडेपणा वाटतो, पण त्यामागं पक्कं गणित आहे. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते. वजन कमी केलं तर ती पळते, थांबतेही लवकर आणि वळतेही चटकन, टायरही कमी झिजतात. एक किलो कमी करणं सोपं, मागची सीटं काढा. पुढचा किलो महाग, त्यासाठी काच पातळ करायची. त्याच्या पुढचा अजून महाग, छत कार्बन फायबरचं करायचं, चाकं मॅग्नेशियमची. २०२३ मध्ये ९११ला साठ वर्षं झाली म्हणून एस/टी नावाची गाडी काढली, १,९६३ नग, कारण गाडी पहिल्यांदा दाखवली ते साल १९६३. वजन १,३८० किलो, फक्त हातानं टाकायचे गिअर, मागची चाकं वळवणारी यंत्रणासुद्धा वजनापायी काढलेली. किंमत मात्र साध्या कॅरेराच्या दुपटीच्याही वर. एवढ्या संयमाला एवढे पैसे पडतात हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिनं जर्मनांना सरळ हळदीकुंकवाला बोलावलं असतं.

दाराचा तो पट्टा अजून आहे. जीटी३ आरएसच्या दारात आतल्या बाजूला खटक्याच्या जागी कापडाचा एक लूप असतो. तो ओढला की दार उघडतं. मी एका प्रदर्शनात दोरीच्या अलीकडून वाकून तो नीट बघितला आहे. लाल, बोटभर रुंद, जाड विणीचा, कडेला दुहेरी शिलाई. शाळेच्या दप्तराला असतो त्याच्याहून फार वेगळा म्हणता येणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी बायकोला सांगितलं, “हँडल तुटलेलं दिसतंय.” मला त्यांची बाजू पटली होती, पण भक्त म्हणून उभा असल्यामुळे हसून मान हलवावी लागली.

माझं मन मात्र या दोन्ही फाट्यांच्या मध्ये, कॅरेरा टी नावाच्या मॉडेलवर बसलंय. टी म्हणजे टूरिंग. १९६७ मध्ये ९११ टी आली ती सगळ्यात स्वस्त ९११ म्हणून, ११० पीएसवाली. आता तेच अक्षर कॅरेराच्या वरच्या पायरीवर आहे. इंजिन खालच्या कॅरेराचंच, ३९४ पीएस. काचा पातळ, आवाज अडवणारं अस्तर कमी, गिअर फक्त मॅन्युअल, सहा, आणि गिअरच्या दांड्यावर अक्रोडाच्या लाकडाची मूठ. वजन १,४७८ किलो, कॅरेराहून चाळीसेक किलो कमी. आणि शंभरचा वेग? ४.५ सेकंद. म्हणजे स्वस्त कॅरेरापेक्षा हळू! कॅरेराचे ऑटोमॅटिक गिअर माणसापेक्षा लवकर पडतात, त्याला कोण काय करणार. थोडक्यात, जास्त पैसे देऊन घरी यायचं, तेही उशिरा, वर रस्त्याचा आवाज कानात घेऊन. आमच्या घरात रस्त्याचा आवाज फुकट येतो.

तरी मी टीच निवडतो. कॅरेरा एस ज्या वेगाला मजा द्यायला लागते, त्या वेगाला आपल्या रस्त्यांवर मजा घेणारा माणूस एकतर खोटं बोलत असतो किंवा दवाखान्यात असतो. टीची मजा ताम्हिणी घाटात चाळीस-पन्नासच्या वेगालाही मिळेल. दुसऱ्या गिअरमध्ये वळण, मुठीचं लाकूड हाताला, मागं इंजिनाचा आवाज. मागंच, कारण ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं टांगलेलं असतं आणि डिकी पुढं. कागदावर ही मांडणी चूक आहे, वळणावर शेपूट घसरायला बघते. साठ वर्षं त्सुफनहाउझनची मंडळी ती चूक निस्तरत बसली आहेत, पण इंजिन काही पुढं आणत नाहीत. हा हट्ट मला पुणेकर म्हणून जवळचा वाटतो.

मॉडेल ठरलं की खरी परीक्षा सुरू होते, पर्यायांची. सिरॅमिक ब्रेक: नको. डॅशबोर्डवरचं स्टॉपवॉच टीला मुळातच येतं, पण सिंहगड रोडच्या कोंडीत वेळ मोजायला कॅलेंडर पुरतं. एक पर्याय मात्र मी डोळे झाकून घेतो, पुढचं नाक उचलायचा. बटण दाबलं की गाडीचा पुढचा भाग सुमारे चार सेंटिमीटर वर येतो, स्पीडब्रेकरला पोट घासू नये म्हणून. जीपीएसमध्ये जागा साठवून ठेवली की पुढच्या वेळी तिथे गाडी आपणहून नाक उचलते. जर्मनीत एखाद्याच्या बंगल्याच्या उतारासाठी केलेली सोय असावी. आमच्याकडे गाडी घरापासून मंडईपर्यंत नाक वर करूनच जाईल, आणि रात्रीतून कुणाच्या तरी कृपेनं नवा उंचवटा उगवला की तिची स्मरणशक्ती फुकट.

एक पर्याय वाचून मात्र खुर्चीतून उठलो. मागच्या बाजूचं मॉडेलचं नाव काढून टाकायचं, बिनपैशांत. म्हणजे कुठली ९११ घेतली ते मागच्याला कळू नये. आपल्याकडे नाना पेठेत लोक वरच्या मॉडेलची अक्षरं विकत आणून खालच्या मॉडेलवर चिकटवतात, आणि तिकडे कोट्यवधी मोजून वर ती अक्षरं खरवडून घ्यायची! यात विनय असेल असं मला वाटत नाही. बेसवाल्यालाही नाव काढता येतं आणि टर्बोवाल्यालाही, त्यामुळे नाव नसलेली गाडी दिसली की बघणारा निमूट मोठी रक्कम धरतो. मी लगेच माझ्या टीचं नाव काढून टाकलं.

दुसरा बिनपैशांचा पर्याय मागच्या सीटांचा. आता कूपे, म्हणजे पक्क्या छताची दोन दारी गाडी, मुळात दोनच सीटांची येते. मागची दोन हवी असतील तर फुकट देतात. टीचं सगळं तत्त्वज्ञान वजन कमी करण्याचं, तिथे मागची सीटं घेणं म्हणजे निर्जळीच्या दिवशी चहा. आणि ती सीटं तरी कसली, सात-आठ वर्षांचं पोर मांडी घालून बसेल एवढीच. पण फुकट आहेत म्हटल्यावर सोडायची कशी? घेतली. वाचवलेले किलो भरून निघाले असतील.

मग रंगावर आलो. पांढरा रंग जास्तीचे पैसे न घेता देतात. बाकीचे सुंदर रंग पैशाचे, आणि त्याच्याही पलीकडे जुन्या ९११चे शंभरावर रंग मागवता येतात, त्यांची किंमत बघायची हिंमत मी अजून केलेली नाही. पांढरा निवडून मी पानाखालचा आकडा समाधानानं बघत होतो, तेवढ्यात बायको मागं येऊन उभी राहिली.

“पांढरा? आपली आहे ती पांढरीच आहे की.”

“बाकीच्यांना जास्त पैसे पडतात.”

“कुणाचे?”

मी गप्प. तिनं माझ्या हातातून माउस घेतला, रंगांची सगळी पानं सावकाश, साडीच्या दुकानात बसल्यासारखी उलगडली आणि एका गडद हिरव्यावर थांबली. एसीच्या जाळीला चामडं, तेही हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं, हे तिनं न विचारता लावलं. मग मागची सीटं बघून म्हणाली, “ही कशाला? त्यात कोण बसणार, तुझा भाऊ?” आणि काढून टाकली.

आकडा मी बघितला नाही. गाडी मात्र, खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा तिची चांगली झाली होती.