भाकरीतला भ

आमच्या घरी भाकरीला रोट्टे म्हणतात. त्यामुळे माझा आणि 'भ'चा संबंध शाळेपुरताच. सोलापुरात कन्ना चौकाच्या मागे राहणारी आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर माणसं. नायना, म्हणजे वडील, यंत्रमागावर, अम्मा बिड्या वळणार, घरात तेलुगू आणि गल्लीत सोलापुरी मराठी, म्हणजे 'काय करायलास बे' वाली. तरी मला वाटायचं की आपली मराठी एकदम फर्स्टक्लास.

2011 साली केबलवर खालून पट्टी सरकत गेली, 'वृत्तनिवेदिका पाहिजेत'. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. अम्माची ठेवणीतली साडी नेसून नवी पेठेतल्या त्या चॅनलचा जिना चढले. स्टुडिओ म्हणजे एक खोली, हिरवा पडदा, दोन हॅलोजन आणि एसी बंद, कारण त्याचा आवाज माईकमध्ये येतो. हातात एक पान दिलं. पहिलीच ओळ भीमेच्या पाण्याची. मी वाचली. संपादक सरांनी चष्मा वर केला.

"बीमा उतरवतात. नदी भीमा."

पुन्हा वाचलं. पुन्हा बीमाच. 'खात्यात' कात्यात, 'धरण' दरण. मला स्वतःला काहीच चूक ऐकू येत नव्हती, हेच तर अवघड होतं. आमच्याकडे रोजच्या बोलण्यात ख, घ, ध, भ यांतला श्वास गळूनच जातो. ऐकूच न येणारी चूक सुधारायची कशी? सर म्हणाले, आवाज चांगला आहे, तीन महिने येत जा, पगार मिळणार नाही.

घरी अम्मा सूप मांडीवर घेऊन बसायची. एका बाजूला कापलेली पानं, मधे तंबाखूचा ढीग. मी तिच्यासमोर सुपाच्या काठाशी तोंड नेऊन 'बाकरी' म्हणायची. तंबाखू जागची हलत नसे. मग पोटातून श्वास काढून 'भाकरी'. काठावरची बारीक भुकटी फुर्रकन उडाली की समजायचं, भ आला. अम्मा शिंकायची आणि तेलुगूतून माझा उद्धार करायची. हजार बिड्या पुऱ्या व्हायच्या तोवर माझे शंभर भ व्हायचे. आजही शब्दाबद्दल शंका आली की मी तळहात तोंडासमोर धरून बघते. नव्या पोरींना वाटतं, मॅडम तोंडाचा वास तपासतात.

दुसरा अभ्यास म्हणजे दूरदर्शनवरच्या जुन्या बातम्या ऐकणं. प्रदीप भिडे कुठे श्वास घेतात तेवढंच बघायचं, असा सरांचा हुकूम. आठवडाभर ऐकून मला कळलं की ते वाक्य संपायच्या आधी कधी घाई करत नाहीत. मी मात्र क्रियापद दिसलं की सुटायची.

टेलिप्रॉम्प्टर नव्हता. कॅमेऱ्याच्या खाली लॅपटॉप, आणि तो सरकवायला एक पोरगा. त्याला जांभई आली की बातमी थांबायची. मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात जाताना अक्षरं फुटायची. जोडाक्षराच्या जागी चौकोन दिसला की अंदाजाने वाचायचं. जिथे हिरवं दिसेल तिथे मागचं चित्र चढतं, त्यामुळे हिरव्या काठाची साडी नेसण्याची चूक मी एकदाच केली. खांद्यातून सिद्धेश्वर मंदिराचा तलाव दिसत होता.

पहिलं बुलेटिन मला आठवतं ते पाण्यामुळे. सोलापुरात बातम्या म्हणजे आधी पाणी. उजनीची जलवाहिनी, टाकळी, औज बंधारा, कुठल्या भागाला आज आणि कुणाचं रोटेशन एक दिवस पुढे ढकललं. मंत्र्याचं भाषण मी कसंही वाचलं असतं तरी चाललं असतं. भागांच्या यादीतलं एक नाव माझ्याकडून सुटलं आणि बुलेटिन संपायच्या आत ऑफिसचा फोन वाजायला लागला. एका मावशींनी विचारलं, "बाई, आमच्याकडे उद्या येणार का नाही, तेवढं सांग. बाकी राहू दे." माझ्या उच्चारांबद्दल एकही फोन नव्हता.

तीन महिन्यांनी साडेतीन हजार रुपये पगार ठरला, आणि तोही वेळेवर मिळाला असं फार थोड्या वेळा झालं. दिवाळीत शुभेच्छांच्या जाहिराती आणायच्या त्याही आम्हीच. खरी कमाई बाहेरची: शाळांची स्नेहसंमेलनं, साडीच्या दुकानांची उद्घाटनं, रिक्षावरच्या भोंग्यासाठी आवाज. 31 मार्च 2013 पासून सोलापुरात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि आमचं चॅनल नेहमीच्या जागेवरून गायब झालं. लोकांना वाटलं, माझं लग्न झालं.

लिहिलेलं वाचायला मी शिकले, पण लाइव्ह म्हणजे वेगळंच प्रकरण. तेलुगूत वस्तूंना स्त्री-पुरुष नसतं. मराठीत काठी ती, ध्वज तो, निशाण ते. पहिल्यांदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याचं समालोचन करायला बसले. संमती कट्ट्याकडे सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, निघालेले, बाराबंदीतल्या भक्तांनी रस्ता पांढरा झालेला, आणि मी उत्साहात बोलून गेले, "पहिली नंदीध्वज आली आणि मागून दुसरा काठीही आला!" कॅमेरामनने डोक्याला हात लावला. तेवढ्यात 'बोला हर्र' असा गजर उठला आणि त्यात माझं व्याकरण बुडालं. सिद्धरामेश्वरांनीच वाचवलं म्हणायचं. कानडी, तेलुगू, मराठी सगळे तिथे एका आवाजात ओरडत असतात, पण माईक हातात असलेल्याने मात्र शुद्ध बोलायचं, याची मला तेव्हा गंमतही वाटली आणि थोडा रागही आला. राग अजून आहे.

पण खरी परीक्षा 15 जून 2023 ला झाली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला ती अडथळा ठरते म्हणून कित्येक वर्षं शहर दोन बाजूंना वाटलेलं. एका घरात विमान पाहिजे, दुसऱ्या घरात ऊस. मी सकाळपासून डेस्कवर. बंदोबस्त, गर्दी, पुन्हा बंदोबस्त, दाखवण्यासारखं काही नाही आणि बोलणं थांबवता येत नाही. माझ्यासमोर दोन मथळे आले, एकात 'अडसर', दुसऱ्यात 'काळजावर घाव'. मी दोन्ही बाजूला ठेवले.

आणि मग पडद्यावर ती एकदम कलली, धुळीत गेली. माझ्या तोंडून निघालं, "चिमणी पडली."

फोन सुरू. "पडली म्हणजे? आपली आपण पडली का, ताई? पाडली म्हणा."

बरोबर होतं त्यांचं. पुढच्या वेळी मी 'पाडली' म्हणाले. आता दुसरीकडचे फोन. "पाडली काय? महापालिकेची कारवाई आहे ती. पाडण्यात आली म्हणा." डेस्कवर वाद झाला. सरांचं मत 'पाडण्यात आली', त्यात कुणी दुखावत नाही. माझं म्हणणं, त्यात कुणी दिसतही नाही. रात्रीच्या बुलेटिनला मी 'महापालिकेने चिमणी पाडली' असं वाचलं. बारा वर्षं मी भ आणि ख सांभाळत बसले होते, आणि दिवसभर शहर भांडलं ते एका कान्यावरून.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. अम्मा टीव्हीसमोर जागी होती. ती माझं सगळं बघते, मराठीतलं अर्धं समजतं. तेलुगूतून विचारलं, कूलिंदा, कूल्चारा? पडली का पाडली?

"कूल्चारु," मी म्हणाले.

"मग एवढं सांगायला रात्र कशाला केलीस?" म्हणत ती ताट वाढायला उठली.