मशीनवर तीन, घरात पाच

मी इंदूरच्या मिल एरियात कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानावर सेल्समन आहे. पर्ची बघायची, अंगठा घ्यायचा, धान्य तोलायचं, हे अकरा वर्षं चाललंय. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रांग पार रस्त्यावर जाते. त्या दिवशीही गेली होती. दुपारी एक मावशी खिडकीशी आल्या. चार घरची धुणीभांडी करतात, त्यामुळे मशीन त्यांचा अंगठा पटकन घेत नाही. पदराला पुसून ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मी ओल्या फडक्याने पुसून दिला तेव्हा कुठे लागला. पडद्यावर तीन नावं आली. माणशी पाच, म्हणजे पंधरा किलो.

"भाऊ, आम्ही पाच जण आहोत."

त्यांनी प्लास्टिकची पिशवी उघडली. नातवाचा जन्मदाखला, आणि सुनेचं माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचं पत्र, घड्यांवर फाटायला आलेलं. सून जळगावकडची. लग्नानंतर तिकडचं नाव कटलं, इथला अर्ज अजून प्रतीक्षेत. दोन वर्षं ती मुलगी कुठल्याच कार्डावर नाही.

"यांना जाऊन आठ महिने झाले, त्यांचं नाव लगेच कटलं. गेलेलं माणूस मशीनला कळतं, मग आलेलं का कळत नाही?"

मागून एक जण म्हणाला, "मावशी, पोरंच कमी होऊ द्या ना आता." एरवी मी रांगेतल्या बोलण्यात पडत नाही. त्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "दादा, घरात एक नातू आहे. आणखी किती कमी?"

मी हे रागाने बोललो, पण खरं तेच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातलं सरासरी प्रमाण बाईमागे 2 मुलांवर आलंय, मध्य प्रदेशातही तेवढंच. तरी लोकसंख्या वाढतेय, कारण आधी जन्मलेली पिढी आता लग्नाला आली आहे. तिला काम हवं, घर हवं, धान्य हवं. माणसं वाढली आणि कागद मात्र तिथेच राहिला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना धान्य द्यायचं, तो आकडा 2011 च्या जनगणनेवरून ठरला: देशभरात सुमारे 81 कोटी. तेव्हा आपण 121 कोटी होतो. 2021 ची जनगणना झालीच नाही, ती आता 2027 मध्ये व्हायची आहे. तोवर राज्याच्या वाट्याचा आकडा भरला, की जुनं नाव कटल्याशिवाय नवं चढायला जागा होत नाही.

रात्री दुकान बंद करून मी रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. देश 140 कोटींचा धरला आणि 121 कोटींमागे 81 कोटी हे प्रमाण तेच ठेवलं, तर आकडा 93 कोटींच्या वर जातो. म्हणजे 12 कोटी माणसं जास्त. माणशी वर्षाला 60 किलो धरले तर 72 लाख टन धान्य. आजच धान्याच्या अनुदानावर वर्षाला सुमारे 2 लाख कोटी जातात. सरकारच्या तिजोरीवर हा भार मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण नाव चढलं नाही म्हणून मावशींच्या घरी दोन माणसं जेवायची थांबलेली नाहीत. त्यांचं धान्य मावशी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून बाजारभावाने आणतात, धुण्याभांड्यांच्या पैशांतून. तो भार कुठल्याच हिशेबात धरलेला नाही. मला ते फार लागतं.

त्या दिवशी माझ्या हातात एवढंच होतं, की अर्जाचा नंबर पुन्हा टाकून बघायचा. बघितला. अजून प्रतीक्षेतच. नंबर रजिस्टरमध्ये लिहून ठेवला आणि मावशींना म्हटलं, पुढच्या महिन्यात सुनेलाच घेऊन या, वॉर्डातल्या साहेबांकडे मी सोबत येतो. मग पंधरा किलो तोलले. थैली त्यांनी पंचवीस किलोची आणली होती. वरची रिकामी बाजू दुमडून मी सुतळीने बांधून दिली.