चिंगीची किडनी आणि घरचं सलाईन

मांजराला घरच्या घरी सलाईन देता येतं, हे चिंगी आजारी पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. किडनीच्या जुनाट आजारात ते बऱ्याच मांजरांना नियमित द्यावं लागतं, आणि सगळ्या औषधपाण्यात घरच्यांना धडकी भरते ती त्याचीच. कित्येक जण तिथेच हातपाय गाळतात. म्हणून जरा तपशिलात लिहितेय.

चिंगी 13 वर्षांची, आमच्या लालबागच्या चाळीतच जन्मलेली. तिचं पाणी पिणं वाढलंय हे आधी आईच्या लक्षात आलं. जन्मभर पाण्याच्या वाटीकडे ढुंकून न बघणारी चिंगी मोरीतल्या बादलीवर वाकून लपालपा पाणी प्यायला लागली. तिच्या शी-शूच्या वाळूत लघवीचे गोळे मोठे निघायला लागले, आणि पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, 4 च्या वर. 2.9 ते 5 म्हणजे या आजाराचा तिसरा टप्पा, डॉक्टरबाईंनी सांगितलं. मांजरं मूळची रखरखीत प्रदेशातल्या रानमांजरांच्या वंशातली. त्यांना तहान कमी, आणि किडनी लघवी घट्ट करून पाणी वाचवते. ती ताकद गेली की पाणी नुसतं वाहून जातं, मांजर कितीही प्यायलं तरी भरून निघत नाही. त्यातून किडनीचं साधारण 75 टक्के काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन फारसं वर जात नाही. रिपोर्ट बिघडतो तेव्हा आजार जुना झालेला असतो.

सुरुवातीला दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन दिलं. आकडे उतरले, पण चिंगी पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसायची, खाण्याला तोंड लावायची नाही. मग डॉक्टरबाईच म्हणाल्या, "आता तिला घरी न्या. कातडीखालचं सलाईन तुम्ही द्या, मी शिकवते." आई घाबरली. "अहो, आम्हाला कुठे सुया टोचता येतात!" त्यावर बाईंनी आईलाच चिंगीच्या खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून उचलायला लावली. तिथली कातडी इतकी सैल असते की उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते. सुई त्या पोकळीत सोडायची. शीर शोधायची भानगड नाही.

आता आमचं बस्तान बसलंय. रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करून घ्यायची. थंडगार पाणी कातडीखाली गेलं की मांजर शहारतं आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली बघताच पळतं. बाटली खिडकीच्या गजाला उंच टांगायची. उंची जितकी जास्त तितकं लवकर उरकतं. नळीतली हवा काढून टाकायची. सुई दर वेळी नवीन, आणि तिचं तिरपं तोंड वरच्या बाजूला. तंबूच्या तळाशी, पाठीला समांतर अशी ती एका दमात आत सारायची. हळूहळू टोचलं तर जास्त दुखतं. मग नळीवरची, धार कमी-जास्त करायची चक्री सोडायची आणि बाटलीवरच्या खुणांकडे लक्ष ठेवायचं. केस ओले लागले तर समजायचं, सुई पलीकडून बाहेर आली. काढायची, नवी सुई लावून पुन्हा. झालं की सुई काढून ती जागा बोटांनी क्षणभर दाबून धरायची. कातडीखाली पाण्याचा फुगवटा येतो, तो घरंगळत पुढच्या पायाच्या बगलेत लोंबतो. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, पण काही तासांत तो जिरतो.

चिंगी साडेतीन किलोची, तिला दिवसाआड 100 मिली सांगितलंय. हा आकडा दुसऱ्याच्या मांजराला लावू नका. हृदय कमकुवत असेल तर हेच सलाईन जिवावर बेततं. आधीचा फुगवटा जिरला नसेल तर पुढचं द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. झोपेतले श्वास मिनिटाला 30 च्या वर जायला लागले तरी थांबायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

आणखी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो. सलाईन खिडकीपाशी, जुन्या चादरीवर. तिची निजायची टोपली आणि कपाटावरची जागा यांना हात लावायचा नाही. तिथे तिला कुणी टोचणार नाही याची तिला खात्री हवी. सलाईन चालू असताना आई समोर बसून तिला चाटायचं खाणं देते, तिच्याशी बोलत राहते. माझ्या मते अर्धं काम आईच करते.

सलाईनपेक्षा खाण्याने मला जास्त रडवलं. किडनीच्या खास खाद्यात फॉस्फरस कमी असतो, त्याने आजाराचा वेग मंदावतो. पण चिंगीने ते हुंगून पाठ फिरवली. मग जुन्या खाण्यात चमचाभर नवं, किंचित कोमट करून, असं वाढवत नेलं. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, ओल्या खाण्यात 70 च्या पुढे, म्हणून आता सगळं ओलंच. दूध आणि खारवलेले बोंबील बंद. बोंबिलाचं मला फार वाईट वाटलं, तिचा जीव होता त्यावर. पण उपाशी ठेवून हट्ट करायचा नाही, हे बाईंनी निक्षून सांगितलंय. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून दुसरंच दुखणं उभं राहतं. ती सारखे ओठ चाटायला लागली की मळमळतंय हे आता कळतं, त्याची गोळी आहे. घरातली पॅरासिटामॉल मात्र मांजराला कधीच देऊ नये, विषच आहे ते.

दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहितो. रक्तदाबही मोजून घेतला. किडनीच्या आजारात तो वाढून मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. चिंगीला त्याची रोजची पाव गोळी सुरू आहे. गेल्या तपासणीत क्रिएटिनिन 3 च्या आसपास होतं, वजन घटायचं थांबलंय, आणि सकाळी दूधवाला आला की ती पुन्हा दाराशी जाऊन बसते, दूध मिळत नसलं तरी.

घरात दुसरा बोका आहे, आठ वर्षांचा, दणकट. त्याचीही रक्त-लघवी तपासून घेतली. लघवीची घनता 1.040 च्या वर, म्हणजे किडनी अजून पाणी नीट राखतेय. आता दरवर्षी गणपतीनंतर त्याची तपासणी करायचं ठरवलंय.