बाष्पीभवन

सकाळी पेपरात जायकवाडी धरणाचा पाणीसाठा बघितला. उन्हाळ्यात रोज बघतेच. आवक शून्य, मग कालवे, आणि शेवटी बाष्पीभवन. आज त्या शेवटच्या आकड्यावर नजर अडकली ती अडकलीच. दिवसाला एक दलघमीच्या, दशलक्ष घनमीटरच्या वर. म्हणजे शंभर कोटी लिटरहून जास्त. शहराला नळाने मिळतं त्याच्या कितीतरी पट पाणी रोज उडून जातंय, आणि आपण पाण्याचा वार कधी आहे ते बघत ड्रम धुऊन ठेवायचे.

दुपारी चक्क रडू आलं. मे महिन्यात येतंच म्हणा. आई गेली तेव्हाही... असो.

जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, आहेच पसरट, परातीत ओतल्यासारखा. खोली कमी, पसारा फार. वरून ऊन, कोरडा वारा. पाणी टिकणार कसं? कळतं सगळं. तरी जीव जळतो. दरवाजे उघडून सोडलं असतं तर निदान दिसलं असतं. पैठणला लोक बघायला जातात, नारळ वाहतात. हे जाताना कुणाला पत्तासुद्धा लागत नाही.

आणि मिळालेलं तरी कुठे फार होतं? अरबी समुद्रावरची वाफ पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येते, सह्याद्री चढताना गार होते आणि तिथेच बरसते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घाट उतरला की तीच हवा तापते, कोरडी होते, आणि आमच्याकडे पडतो सातशेच्या आसपास, तोही धड नाही. आमच्या वाट्याला कायम उरलंसुरलं. एक गोदावरी तेवढी आपली. त्र्यंबकेश्वराहून समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण ती त्याच्याकडे पाठ करून इकडे आली, आणि बंगालच्या उपसागरापर्यंत जवळजवळ दीड हजार किलोमीटर जाते. तिच्या धरणातलंही आभाळ घेऊन जातं.

संध्याकाळी माठातलं पाणी प्यायले. माठाला बाहेरून क्षारांचा पांढरा थर धरलाय, बुडाशी हात लावला तर गारेगार ओल. तिथेच उभी राहिले. हेही बाष्पीभवनच की. दहा लिटरातलं शंभर मिलिलिटर उडालं, तर जाताना ते एवढी उष्णता घेतं की उरलेलं पाच-सहा अंशांनी गार होऊ शकतं. ते उडालं म्हणून मला गार पाणी मिळालं. समुद्रावरून वाफ उठली नाही तर जूनमध्ये आपण तरी कशाची वाट बघायची? हवेत गेलेली वाफ सरासरी आठ-दहा दिवसांत कुठेतरी पडतेच. नाथसागराची पडेल कुणाच्या तरी शेतात. आपल्यावर पडेल तीही कुणाच्या तरी तळ्यातली असेल.

पडू दे. ज्याच्यावर पडेल त्यालाही लागतंच.

धरण काही झाकता येणार नाही. शेततळं मात्र येईल. दादाने एवढा खर्च करून प्लॅस्टिक अंथरलं, खालून थेंब झिरपत नाही, पण वरून सताड उघडं. शेडनेट टाकली तर बरंच वाचेल, मोसंबीला अजून एखादं पाणी देता येईल. उद्या त्याला फोन करते. आधी कुणी करायचा, हे आता राहू दे.