सान क्विन्तीन: झुडूप सोपं, वाळू महाग

आधी निकाल सांगतो. मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सान क्विन्तीनला अ‍ॅम्ब्रोशिया नावाचं रानझुडूप बघायला जरूर जा, पण गाडी डांबर सोडून खाली उतरवू नका.

सॅन दिएगोतल्या एका जाणकारानं सांगितलं होतं, "सान क्विन्तीनला समुद्राकडं जाणाऱ्या कुठल्याही कच्च्या रस्त्यावर वळा, पाच मिनिटांत दिसेल." पाच मिनिटांत दिसलं ते पुढचं चाक, निम्मं वाळूत. वर कडक पापुद्रा, खाली नुसती भुसभुशीत. दीड तास हातानं उकरलं. मग एक ट्रकवाला आला, वीस मीटर ओढायचे १५० डॉलर म्हणाला. घासाघीस करून १२०! पेसो असते तर निदान हिशोब तरी कळला असता. टायरमधली हवा आधीच कमी करायची असते, हे त्यानं पैसे खिशात घातल्यावर सांगितलं.

आता झुडूप. अ‍ॅम्ब्रोशिया चिनोपोडीफोलिया, म्हणजे चाकवताच्या पानांचं रॅगवीड (परागानं शिंका आणणारं रानझाड). पान हातात घेतलं की नाव पटतं: तसंच तिकोनी, कडा दातेरी, फक्त मागून पांढरी लव. अमेरिकेत हे सॅन दिएगो कौंटीच्या दक्षिण टोकाला, ओटाय मेसाच्या बाजूला, जेमतेम आहे. बाहाच्या किनाऱ्यावरच्या खुरट्या रानात मात्र पायलीला पन्नास. पुण्यात आम्हाला शिंकायला लावणाऱ्या गाजरगवताचं हे चुलत भावंड, फक्त ते परदेशातून आलेलं आणि हे इथलंच. फुलं बघायला जात असाल तर निराश व्हाल. शेंड्याला नरफुलांचे हिरवट-पिवळट तुरे, खाली पानांच्या बेचक्यात मादीफुलं, दिसण्यासारख्या पाकळ्या नाहीतच. परागाचं काम वारा करतो. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, माझे डोळे तासाभरात लाल. अ‍ॅलर्जीची गोळी निघण्याआधीच घ्या, नंतर घेतली तर गुण यायला वेळ लागतो.

झुडपांच्या मधेमधे चोया निवडुंग असतो. नुसता घासला तरी तुकडा बुटाला येतो आणि बोटांनी काढायला गेलात की बोटांना. साधा कंगवा न्या, मोठ्या दातांचा. त्यानं उचकटून दूर फेकायचा. आमच्या सामानात याच्याइतकं कामाचं दुसरं काही नव्हतं.

वाटेतल्या एन्सेनादा शहराच्या पुढं रस्ता अरुंद आहे, कडेला जागा नाही. अंधारात चालवू नका. अमेरिकेचा गाडीविमा मेक्सिकोत चालत नाही, तिथला वेगळा घ्या. दुसरा दिवस मजेत गेला, कालवं उत्तम.

परतताना मोजे तपासा. अ‍ॅम्ब्रोशियाच्या बोंडांना आकड्यासारखे काटे असतात, माझ्या बुटाच्या नाडीत तीन सापडली. बी-माती सीमेवर जाहीर करावी लागते. आमचे रांगेत साडेतीन तास गेले, तेवढ्यात चार जणांचे बूट कंगव्यानं आरामात साफ होतात.