छातीचा घेर ३९ सेंटिमीटर : टिकलीच्या हार्नेसचा अनुभव

आमच्या टिकलीला, म्हणजे जेमतेम पाच किलो वजनाच्या इंडियन स्पिट्झ कुत्रीला, लीशवर (हातात धरायच्या दोरीवर) चालायला शिकवणे मला फारसे कठीण गेले नाही. कठीण गेले ते तिच्या अंगाला नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती घालायचा पट्ट्यांचा साज) मिळवणे, आणि त्याबद्दलची माझी चीड अजूनही पुरती ओसरलेली नाही. पुण्यात पाळीव प्राण्यांच्या साहित्याची दुकाने भरपूर आहेत; परंतु रहदारीत ज्या वस्तूवर जनावराचा जीव अवलंबून असतो, ती अंगावर चढवून पाहू देणारा दुकानदार मला बराच शोधावा लागला.

गळपट्ट्याला लीश अडकवू नका, असे आमच्या पशुवैद्यांनी लसीकरणाच्या वेळीच बजावले होते. पॉमेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा लहान जातींमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चा कमकुवत होऊन नलिका चपटी पडण्याचा विकार आढळतो. अशा कुत्र्याला हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो आणि गळ्याला बसणाऱ्या हिसक्यांनी तो बळावतो. त्यामुळे टिकलीचा गळपट्टा फक्त फोन नंबर आणि परवान्याचा बिल्ला अडकवण्यापुरता आहे.

पहिल्या दुकानात मी मापे लिहिलेला कागद घेऊन गेले होते. हार्नेससाठी सर्वांत महत्त्वाचे माप छातीच्या घेराचे. ते पुढच्या पायांच्या किंचित मागे, छाती सर्वांत रुंद असते तेथे घ्यायचे, आणि स्पिट्झसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे केस दाबून शिंप्याची टेप अंगाला टेकवायची. टिकलीचा घेर केसांवरून ४४ सेंटिमीटर भरत होता आणि केस दाबल्यावर ३९. ती भर रस्त्यात हार्नेसमधून निसटेल की नाही, हे या पाच सेंटिमीटरच्या फरकावर ठरणार होते. दुकानदारांनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. "पॉमेरियनच ना? मग स्मॉल घेऊन जा, मॅडम," असे म्हणून त्यांनी पाकीट पुढे सरकवले. पाकिटावर घेराचा आकडा कोठेही नव्हता. 'एस' हे अक्षर आणि एका वेगळ्याच जातीच्या कुत्र्याचे चित्र तेवढे होते. टिकली बाहेर रिक्षात माझ्या मुलीच्या मांडीवर बसली आहे, तिला आणून घालून पाहते, असे मी सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, "पाकीट फोडलं की माल परत होत नाही, आणि कुत्रं आत आणायचं नाही." कुत्र्यांच्याच सामानावर चालणाऱ्या दुकानात कुत्र्याला का येऊ द्यायचे नाही, याचे पटेल असे कारण त्यांनी दिले नाही आणि मलाही आजवर सापडलेले नाही.

दुसऱ्या दुकानात पाकीट उघडू दिले, पण तेथील सर्व हार्नेसना छातीवरून आडवा जाणारा रुंद पट्टा होता. असा पट्टा खांद्याच्या सांध्यावर येतो आणि पुढचा पाय मोकळेपणाने पुढे पडू देत नाही. मला हवा होता तो इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचा, म्हणजे ज्याचा पुढचा पट्टा छातीच्या हाडावरून सरळ खाली पोटाकडे जातो आणि दोन्ही खांदे मोकळे राहतात. हे समजावून सांगू लागले तर "एवढ्याशा कुत्र्याला काय फरक पडतो?" असे ऐकावे लागले. हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले, कारण फरक एवढ्याशा कुत्र्यालाच पडतो. लहान, निमुळत्या डोक्याचे कुत्रे घाबरले की मागे रेटा देते, आणि पट्टा सैल असेल तर क्षणात मोकळे होऊन दुचाकींच्या गर्दीत शिरते. ऑनलाइन विक्रेते घेर सेंटिमीटरमध्ये देतात हे खरे, परंतु 'एस'चा घेर प्रत्येक कंपनीचा निराळा असतो, म्हणून अक्षरावर विसंबून मागवू नये.

अखेर दवाखान्याजवळच्या एका छोट्या दुकानात मालकीणबाईंनी टिकलीला स्वतःच उचलून काउंटरवर घेतले, माझ्या कागदावरची मापे वाचली आणि दार लावून घेतले. हार्नेस चढवून मी तिच्यासमोर उभी राहिले व लीश हळूच माझ्याकडे ओढली. तशी ती मागे रेटू लागली. कोपर पट्ट्यातून बाहेर आले नाही, गळ्याचा भाग कानांवर चढला नाही आणि पट्ट्याखाली एक बोट सहज जात होते. त्या वेळी मला इतके हायसे वाटले की किंमत विचारायचेही सुचले नाही. ही परीक्षा प्रत्येकाने बंद दाराआड करावी आणि ती करू न देणाऱ्या दुकानातून काहीही विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पुढचे शिक्षण घरातच सुरू केले. आधी हार्नेस नुसता हुंगायला देऊन खाऊ, मग थोडा वेळ अंगावर ठेवून खाऊ, मग लीश जोडून घरभर फिरू देणे. बाहेर एकच नियम पाळला : लीश ताणली गेली की मी थांबायचे, सैल पडली की चालायचे. एवढ्या बुटक्या कुत्र्याला खाऊ देण्यासाठी पुन्हा पुन्हा वाकावे लागते. लाकडी डावाच्या टोकाला थोडे दही लावून तो तिच्या नाकापाशी धरण्याची युक्ती मला फार उपयोगी पडली. लीश सुमारे पाच फुटांची, साधी असावी. आपोआप गुंडाळली जाणारी बारीक दोरीची लीश भटकी कुत्री अंगावर आली तर आवरत नाही.

लहान कुत्र्याला जिन्यात आणि लिफ्टमध्ये लीश कशाला, असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांना मी भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि त्यात वजनाची सूट नाही.

पावसाळ्यात भिजलेला हार्नेस अंगावर ठेवू नये, काखेत त्वचा सोलवटते. केस कापल्यावर आणि दर काही आठवड्यांनी घेर पुन्हा मोजावा. दिवाळीत फिरायला फटाके सुरू होण्याआधी, उजेड असतानाच न्यावे, आणि त्या दिवसांत हार्नेसची कडी एका छोट्या सैल पट्टीने गळपट्ट्यालाही जोडून ठेवावी. ओढ हार्नेसवरच येते, आणि हार्नेस निसटलाच तरी कुत्रे हातचे जात नाही.